मातीचं पुडिंग

३ मार्च, सोमवार

लग्नाला चार महिने झाले तरी या घरात मी पाहुणीसारखी अंग चोरून बसते. आज मात्र जीभ आवरली नाही. जेवताना भिंगरीला विचारून बसले, "तीस तारखेला तुझा वाढदिवस. काय करू या?"

भिंगरी हे तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. एका जागी ठरत नाही म्हणून. मला ती काकू म्हणते; माझ्यासमोर मात्र पोर दगडासारखी ठरते. ताटातून नजर न उचलता म्हणाली, "मातीचं पुडिंग."

"कसलं?"

"मातीचं. खोटी माती असते. आई करायची."

झालं. चार महिन्यांत या घरात 'आई' हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदाच निघाला, आणि तोही पुडिंगाच्या पाठीवर बसून. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाणी आणायला उठला. तांब्या भरलेलाच होता.

"करायची का रे?" मी विचारलं.

"असेल," म्हणाला आणि आत गेला. पुरुषांना घरात काय शिजत होतं तेही आठवू नये, कमाल आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो, कुठल्या इमारतीतली कुठली तार कधी बदलली ते तोंडपाठ. बायको काय करायची ते मात्र 'असेल'.

५ मार्च, बुधवार

आज खोदून खोदून विचारलं. खाली बिस्किटांचा चुरा, त्यावर चॉकलेटचं पुडिंग, त्यावर पांढरं क्रीम, पुन्हा चुरा. तो चुरा म्हणजे माती. वर जेलीची गांडुळं. सगळं काचेच्या पेल्यात, थर बाहेरून दिसले पाहिजेत. भाजायचं काही नाही, नुसतं फ्रीजमध्ये ठेवायचं. हे सांगताना तिचे हात चालत होते. मी पहिल्यांदाच तिचे हात चालताना पाहिले.

कारखान्यात शिलाईवालीला सांगितलं. आम्ही दोघी पंधरा वर्षं एका टेबलावर पुस्तकं बांधतो. ती छापील पानांचे फर्मे शिवते, मी पुठ्ठे चढवते. ती म्हणाली, "बाई गं, मेलेल्या सवतीच्या हातच्या चवीशी पैज लावू नकोस. हरशील." मी म्हटलं, पैज कसली, पोरीचा वाढदिवस आहे. पण दुपारभर खळ लावताना तेच डोक्यात. दोन पुस्तकांना पाठी उलट्या चिकटवल्या.

९ मार्च, रविवार

पहिला प्रयत्न. फजिती.

पुडिंगचं कॉर्नफ्लॉवर मी सरळ उकळत्या दुधात टाकलं. मी! जिचा निम्मा जन्म खळ शिजवण्यात गेला! थंड पाण्यात कालवल्याशिवाय पीठ गरमात घालू नये, हे कारखान्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला मीच ओरडून सांगते. पण भिंगरी शेजारी स्टुलावर उभी राहून बघत होती आणि माझा हात घाबरला. गुठळ्या इतक्या की गाळणीत वर राहिलं तेच जास्त. उरलेलं एवढं घट्ट झालं की भिंगरी म्हणाली, "याने वही चिकटेल." आणि तोंड वासून हसली. मग एकदम गप्प झाली, हसू चुकून सांडल्यासारखी.

चुरा तिने केला. कापडी पिशवीत बिस्किटं घालून लाटण्याने. आधी दोन बिस्किटं उघडून मधलं क्रीम दातांनी खरवडून घेतलं, कारण "मातीत पांढरं नको". ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी चाखलं. तिने तीन चमचे खाल्ले, विचार केला, आणि म्हणाली, "आईचं असं नव्हतं."

"काय वेगळं होतं?"

"माती बारीक होती." मग, "पुढच्या रविवारी परत करू या का?"

एवढ्या कष्टाचं हे फळ. मी पेले घासून टाकले, कपाटातले डबे उतरवून पुन्हा लावले, तरी हात शिवशिवत होते.

१६ मार्च, रविवार

या वेळी कॉर्नफ्लॉवर, कोको आणि साखर आधी थंड दुधात कालवली आणि मगच आचेवर ठेवली. सतत ढवळलं. उतरवल्यावर साय धरू नये म्हणून वर कागद टेकवला. रेशमासारखं झालं. क्रीम बर्फावर भांडं ठेवून फेटलं. माती अशी बारीक की फुंकर मारली तर उडावी.

भिंगरीने चाखलं. "आईचं असं नव्हतं."

"आता काय?"

"कुंडीत असायचं."

"अगं, तू पेला म्हणाली होतीस! थर दिसायला हवेत म्हणून!"

तिने डोळे मिचकावले. "कधी पेल्यात, कधी कुंडीत. आणि गांडुळं वर नसायची. आत लपलेली असायची. शोधायची असायची."

मला संताप आला. एकीकडे म्हणते आई करायची, दुसरीकडे दर आठवड्याला नवा नियम. ही पोर मला नापास करायचं ठरवूनच बसली आहे. शिलाईवाली म्हणाली ते खरं, आठवणीशी कोण बरोबरी करणार?

आणि तरी नापास करणाऱ्या मास्तरणीने दुपारी बारापासून पाचपर्यंत स्वयंपाकघर सोडलं नाही. गाणं म्हणत होती. स्वतःच्या पेल्यातली दोन गांडुळं माझ्या पेल्यात टाकली, मला आवडत नाहीत हे माहीत असून. खोडसाळ आहे.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "काय रे?" म्हटलं तर "काही नाही" म्हणून गेला. त्याचे डोळे लाल होते. लिफ्टच्या खड्ड्यातली धूळ असणार.

२० मार्च, गुरुवार

कुंड्या आणल्या. मातीच्या, मुठीएवढ्या, आठ. तीन पाण्यांनी धुतल्या, उकळल्या, उन्हात ठेवल्या. खालच्या भोकाला कागद कापून बसवला. कागद कापणं तरी मला येतं.

२२ मार्च, शनिवार

आज भिंगरीची मावशी आली. तिच्या आईची धाकटी बहीण. दंतवैद्य आहे. महिन्यातून एका शनिवारी येते, नवा ब्रश आणते, भिंगरीचे दात बघते आणि मग माझं घर. म्हणजे बघते असं मलाच वाटतं. ओट्यावरून बोट फिरवत नाही, पण नजर फिरते. भिंतीवरच्या फोटोसमोर जरा जास्त वेळ थांबते. मी जागा बदलली की काय ते तपासत असेल.

नेहमीप्रमाणे भिंगरीला मांडीशी घेऊन विचारलं, "आई आठवते ना गं?"

"हो."

"काय आठवतं?"

"खूप काही," म्हणून भिंगरी खेळायला पळाली. मावशी बराच वेळ दाराकडे बघत बसली.

चहा देताना मी सहज म्हटलं, "ताईंच्या त्या पुडिंगने मला घाम फोडलाय. तुमच्याकडे कृती असेल तर द्या."

"कुठलं पुडिंग?"

मी सांगितलं. थर, माती, गांडुळं. मावशीने कप खाली ठेवला. "माझ्या बहिणीने असलं काही कधीच केलं नाही."

"कदाचित तुम्ही नसताना..."

"शेवटची दोन वर्षं मी इथेच राहत होते. तिच्या उशाशी. मला माहीत नसेल?"

ती गेल्यावर मी कुंड्या फळीच्या वरच्या कोपऱ्यात सारल्या. नऊ वर्षांचीही नाही अजून, आणि मला तीन आठवडे बोटावर नाचवलं. माझ्या घाबरलेल्या हातांना रोज हसत असेल मनात.

२३ मार्च, रविवार

लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

बारा वाजता भिंगरी माझा एप्रन दोनदा गुंडाळून, स्टूल ओढून तयार. "बिस्किटं कुठायत?"

"आज नाही."

"का?"

तेव्हा डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. बाजारात जायचंय म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "तुझी आई असलं काही करतच नव्हती. मावशीने सांगितलंय मला."

ती रडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने एप्रन सोडला, घडी घातली, स्टूल जागेवर ठेवलं आणि खोलीत गेली. घडी अगदी नीट होती. कोपऱ्याला कोपरा.

नवऱ्याला सांगितलं तर तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "तिला कशाला सांगितलंस?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग 'असेल' काय म्हणत होतास? माझी गंमत बघत होतास?"

"तुम्ही दोघी आत हसत होतात," तो म्हणाला. "या घरात किती वर्षांनी हसण्याचा आवाज आला. तो मी बंद करू?"

भिंगरीच्या दाराबाहेर तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा दारावर टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला.

२५ मार्च, मंगळवार

"दूध घे." "घेतलं." "डबा भरला?" "हो." दोन दिवसांचं एवढंच बोलणं.

आज स्वयंपाकघरात कॉर्नफ्लॉवरचं पाकीट नीट बंद केलेलं नव्हतं. मुंग्या लागायच्या. मीच विसरले असेन. हल्ली माझं लक्ष कुठे असतं?

२७ मार्च, गुरुवार

कालचं आज लिहिते.

साडेचारला शेजारीणबाईंचा फोन कारखान्यात आला. भिंगरी शाळेतून घरी पोचली नव्हती. ती रोज साडेतीनला येते आणि मी पोचेपर्यंत त्यांच्याकडे बसते. मी हातातला ब्रश खळीच्या भांड्यात तसाच टाकून निघाले. चपला कुठल्या घातल्या तेही कळलं नाही. नंतर पाहिलं तर एक शिलाईवालीची होती.

शाळेला कुलूप. पहारेकरी म्हणाला, सगळी मुलं केव्हाच गेली. शाळेपासून घरापर्यंत प्रत्येक दुकानात विचारलं. "कशी दिसते?" असं एकाने विचारलं आणि मला सांगता येईना. दोन वेण्या, निळं दप्तर, आणि पुढे? गालावर तीळ डावीकडे की उजवीकडे? चार महिने मी त्या पोरीच्या तोंडाकडे धड पाहिलंच नव्हतं, तिच्या नजरेला घाबरून. नवऱ्याला फोन लावला, तो कुठल्याशा इमारतीतून धावत निघाला. रस्त्यात कुठेही गर्दी दिसली की मी आत घुसून बघत होते.

सहा वाजता पुन्हा कारखान्याकडे वळले, शिलाईवालीला मदतीला घ्यावं म्हणून; नवऱ्यालाही तिथेच ये म्हटलं. आत शिरले तर पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर भिंगरी बसलेली. मांडीवर डबा. शिलाईवाली म्हणाली, "तू गेलीस आणि दहा मिनिटांत ही आली. तुझा फोन सारखा व्यस्त. मी म्हटलं, दोघी रस्त्यावर फिरत बसण्यापेक्षा एक तरी जागेवर राहू दे."

तीन बस-थांब्यांचं अंतर ती एकटी चालून आली होती. एकदाच आली होती इथे, लग्नाआधी, बाबांबरोबर. मधे दोन मोठे रस्ते. मला तिला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते, "पाय दुखले का?"

"थोडे." तिने डबा पुढे केला. "मी केलं. तुझ्यासाठी. पण वितळलं."

खाली ओला चुरा, वर करडं पाणी. आदल्या दिवशी तिने थंड दुधात कॉर्नफ्लॉवर आणि कोको ढवळून ठेवलं होतं. गॅसला हात लावायचा नाही म्हणून शिजवलं नव्हतं. चमचा नव्हता. पुठ्ठ्याची पट्टी दुमडून चमचा केला आणि मी खाल्लं. खडू खाल्ल्यासारखं लागलं. मी पुन्हा खाल्लं.

"कॉर्नफ्लॉवर शिजवावं लागतं," मी म्हटलं.

"माहितीये. तू शिकवलंस की." मग डब्याकडे बघत म्हणाली, "काकू, मला काहीच आठवत नाही."

"कशाचं?"

"आईचं. फोटो आठवतात, पण ते तर भिंतीवरच आहेत. मावशी दर वेळी विचारते, आठवते ना, आठवते ना. नाही म्हटलं तर तिचं तोंड कसं होतं, एकदा पाहिलंय मी. म्हणून एक आठवण तयार केली. मैत्रिणीच्या घरी पुस्तकात चित्र होतं मातीच्या पुडिंगचं. मला वाटलं, करून बघितलं की खरी वाटेल."

"वाटली?"

तिने नकारार्थी मान हलवली. "सारखी तूच आठवायला लागलीस. गुठळ्या गाळताना."

शिलाईवाली दोरा शोधायला म्हणून उठून मागच्या खोलीत गेली. माझ्या बोटांना खळ होती, तरी मी भिंगरीचं डोकं धरलं. तिच्या केसांना लागली. तीळ डावीकडे आहे. तेवढ्यात तिचे बाबा धापा टाकत दारात आले आणि खाली जमिनीवरच बसले.

२८ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत मावशीच्या दवाखान्यात गेले. जावं की नाही, म्हणून दवाखान्याभोवती दोन चकरा मारल्या. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून रुग्णाच्या लांबलचक खुर्चीत बसले. त्या खुर्चीत बसून कुणाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणं फार अवघड असतं. पाय आपोआप वर जातात.

मी म्हटलं, "तुम्ही भिंगरीला आईबद्दल विचारत जाऊ नका."

"माझ्या बहिणीबद्दल मी बोलायचं नाही?"

"बोला. खूप बोला. फक्त विचारू नका, सांगा. ती अडीच वर्षांची होती. तिच्याकडे काहीच नाही. तुमच्याकडे सगळं आहे."

"तुम्हाला काय कळणार?" असं म्हणून तिने हातमोजे घातले. "बाहेर पेशंट थांबलेत."

बाहेर कुणीही नव्हतं. आता परवा ती येणार नाही. घरात येणारं एकच माणूस होतं त्या आईच्या माहेरचं, तेही मी घालवलं.

३० मार्च, रविवार

सकाळी सातपासून आम्ही दोघी. ढवळायला भिंगरी होती, माझा हात फक्त भांड्याच्या कानाला. एकही गुठळी नाही. आठ कुंड्या भरल्या, प्रत्येकीत दोन गांडुळं पुरली. चार तास फ्रीजमध्ये. "कुणी विचारलं तर काय सांगायचं?" मी विचारलं. तिने खांदे उडवले.

सहा मैत्रिणी आल्या. एकीला खरी माती वाटून ती रडली, मग तिनेच सगळ्यात आधी कुंडी चाटूनपुसून साफ केली. पाचला सगळ्या गेल्या. सतरंजीवर चुऱ्याचे ठसे. एक कुंडी उरली होती, ती भिंगरीने कुणाला दिली नाही, झाकून ठेवली. कुणासाठी ते विचारलं नाही.

साडेपाचला बेल वाजली. मावशी. हातात ब्रश नव्हता. काहीच नव्हतं. जणू घरून निघायचं की नाही हे ठरवण्यातच सगळा वेळ गेला होता.

भिंगरीने कुंडी आणून तिच्या हातात ठेवली. मावशीने चमचाभर खाल्लं. एक गांडूळ निघालं, तेही खाल्लं.

"कुणी केलं हे?"

"मी आणि काकूने," भिंगरी म्हणाली. मग लांब श्वास घेऊन, "आईने नाही. आईचं मला काही आठवत नाही, मावशी. मी तुला खोटं सांगायचे."

नवरा हातातली प्लेट घेऊन तसाच उभा. मला वाटलं आता मावशी उठेल. ती उठली नाही. कुंडीतली माती चमच्याने सारखी करत बसली.

"तुझ्या आईला," ती अखेर म्हणाली, "स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं."

"खरं?"

"चहासुद्धा करपवायची. चहा! माझ्या बाराव्या वाढदिवसाला तिने बिस्किटं भाजली. सकाळभर कुणाला आत येऊ दिलं नाही. मी पहिलं तोंडात घातलं आणि कडकन चावलं. तुकडा पडला."

"बिस्किटाचा?"

"दाताचा."

नवरा हसायला लागला. प्लेट ठेवून, भिंतीला टेकून, डोळे पुसत हसला. "मला तिने सांगितलं होतं की तू जिन्यावरून पडलीस!"

"तेच सांगायचं ठरलं होतं आमचं. आमच्या आईला कळू नये म्हणून. आजपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही."

मला वाटलं, हे त्यांचं त्यांचं आहे. मी रिकाम्या कुंड्या गोळा करून आत निघाले. भिंगरीने न बघताच माझ्या साडीचा पदर धरला. "काकू, थांब ना. नाहीतर तुला परत सांगावं लागेल."

मी कुंड्या घेऊन तिथेच सतरंजीवर बसले.

"कुठला दात?" भिंगरीने विचारलं.

"हा. खालचा. अजून तसाच ठेवलाय. लोकांचे बसवते, माझा नाही बसवला."

"आ कर."

आणि मावशी, रोज दुसऱ्यांना आ करायला लावणारी, सतरंजीवर गुडघे टेकून बसली आणि तिने तोंड उघडलं. भिंगरीने तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. बराच वेळ आत बघत राहिली. मग एक बोट घालून त्या तुटक्या कोपऱ्यावरून हळूच फिरवलं.

"हे आईने केलं?"

मावशीला तोंड मिटता येत नव्हतं. तिने नुसतीच मान डोलावली.